संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा : अर्थ व मर्यादा

काही संस्थांच्या पत्रशीर्षावर ‘संयुक्त राष्ट्रांचा सल्लागार दर्जा’ असा उल्लेख असतो. शिळफाट्याच्या आपल्या रुग्णालयास तो का नाही, अशी पृच्छा हितचिंतक करतात. म्हणून हा खुलासा.

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील कलम ७१ अन्वये आर्थिक व सामाजिक परिषद स्वयंसेवी संस्थांचा सल्ला घेऊ शकते. १९९६ च्या ठरावानुसार या दर्जाचे सर्वसाधारण, विशेष व नोंदसूची असे तीन प्रकार आहेत. संस्था किमान दोन वर्षे जुनी असावी लागते व निधीचे स्रोत उघड करावे लागतात. १९ राष्ट्रांची समिती अर्ज तपासून शिफारस करते; निर्णय परिषद घेते. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या इंटरनॅशनल प्लॅन्ड पेरेंटहुड फेडरेशनला सर्वसाधारण दर्जा आहे.

या दर्जाने सभांना उपस्थित राहता येते व लेखी निवेदन देता येते; मताधिकार वा अनुदान मिळत नाही. पहिल्या दोन प्रकारांतील संस्थांनी दर चार वर्षांनी अहवाल न दिल्यास दर्जा स्थगित होतो व पुढे रद्दही होऊ शकतो.

आपले कार्य धोरणचर्चेचे नसून कर्जत-खालापूरच्या रुग्णांच्या सेवेचे आहे. देणगीदारांनी कोणत्याही संस्थेचे, आमचेही, मूल्यमापन पत्रशीर्षावरून न करता लेखापरीक्षित ताळेबंदावरून करावे, ही नम्र विनंती.