जागेची मोजणी : कोणत्या कामाला कोणती?

आपला कापडाचा व्यापारी पन्हा आणि लांबी तपासल्याशिवाय तागा उचलत नाही. ताग्यामागे अर्धा मीटर कमी भरला तर दलालाला समोर बसवून हिशेब मागतो. हाच माणूस गोदामासाठी लाखो रुपयांची जागा घेताना मात्र "या बाभळीपासून त्या खांबापर्यंत आपली" एवढ्या शब्दावर इसार देऊन मोकळा होतो. फार झाले तर विचारतो, मोजणी झाली आहे का? विकणारा म्हणतो, झाली आहे. इथेच विषय संपतो. कोणती मोजणी, कोणी केली, त्याचा कागद कुठे आहे, हे विचारले जात नाही.

मोजणी एक नसते. प्रत्येक मोजणी एका ठराविक प्रश्नाचे उत्तर देते. पोटहिश्श्याच्या कामाला हद्दीचा नकाशा चालत नाही, आणि बांधकामासाठी आर्किटेक्टने करून घेतलेला नकाशा हद्दीच्या भांडणात उपयोगी पडत नाही. म्हणून आधी आपला प्रश्न काय आहे ते ठरवावे आणि मग अर्ज करावा.

उर्दू माध्यमात शिकलेले आपले अनेक भाऊ भूमी अभिलेखच्या ऑफिसात जायला बिचकतात. मराठी कागद समजणार नाही, असे त्यांना वाटते. वास्तविक त्या ऑफिसची निम्मी भाषा आपल्या ओळखीची आहे. हद्द, कायम, हिस्सा, सनद, नकाशा, कब्जेदार, जमाबंदी, तहसीलदार हे सगळे शब्द अरबी-फारसीतूनच मराठीत आले आहेत. "हद्द कायम" म्हणजे काय, हे आपल्याला वेगळे समजावून सांगायची गरज पडू नये.

जागा विकत घेणाऱ्याने मागायची ती हीच हद्द कायम मोजणी. अर्ज तालुक्याच्या उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडे जातो, आता तो ऑनलाइनही भरता येतो. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, फीचे चलन आणि चारी बाजूंच्या लगतच्या कब्जेदारांची नावे-पत्ते लागतात. अर्ज ज्याचे नाव रेकॉर्डवर आहे त्यानेच करायचा असतो. म्हणून इसारपावतीतच लिहून घ्यावे की विकणारा मोजणी करून देईल आणि त्यानंतरच खरेदीखत होईल. लगतच्या लोकांना आगाऊ नोटीस जाते. भूकरमापक जुने टिपण किंवा गटाचा नकाशा घेऊन येतो, त्याच्याशी जागा ताडून पाहतो आणि खुणा दाखवतो. नंतर मिळणाऱ्या नकाशाला "क" प्रत म्हणतात. त्यात रेकॉर्डप्रमाणे असलेली हद्द आणि प्रत्यक्ष वहिवाटीची हद्द वेगवेगळ्या रेषांनी दाखवलेली असते. व्यापाऱ्याने पाहायची जागा तीच. दोन रेषांत अंतर असेल तर शेजारी आत आलेला आहे किंवा विकणारा बाहेर गेलेला आहे. दोन्ही बाबतीत पैसे देण्याआधी बोलणी व्हायला हवीत. एक मात्र ध्यानात ठेवावे, मोजणीने मालकी ठरत नाही आणि मोजणीदार अतिक्रमण काढून देत नाही. मालकीसाठी दस्त आणि फेरफार पाहावे लागतात, अतिक्रमणासाठी वेगळी दाद मागावी लागते.

आता आपल्या घराघरातला प्रश्न घेऊ, तो तरक्याचा. वडील गेले, वारस नोंद झाली, सगळ्यांची नावे चढली. लोकांना वाटते वाटणी झाली. ती झालेली नसते. जागा सामाईकच राहते. समजा, बिगरशेतीची सात गुंठे जागा आहे, त्यावर मागांचे शेड आहे, आई हयात नाही, वारस तीन मुलगे आणि एक मुलगी. शरियतप्रमाणे सात भाग होतात, मुलांना दोन-दोन आणि मुलीला एक. कागदावर हिशेब एका मिनिटात होतो, जमिनीवर तो वीस वर्षे होत नाही. थोरला रस्त्याकडचा भाग वापरतो, मधला शेडमध्ये माग चालवतो, धाकटा मागच्या बाजूला खोली बांधतो, आणि बहिणीचा एक गुंठा कुठे आहे ते कोणीच सांगू शकत नाही. पुढे थोरला "माझा रस्त्याकडचा भाग" म्हणून विकतो. घेणाऱ्याला प्रत्यक्षात मिळतो अविभक्त हिस्सा, म्हणजे सगळ्यांच्या जागेतला एक वाटा, ठराविक तुकडा नाही. बँकही अशा वाट्यावर कर्ज द्यायला कां-कूं करते.

इथे पोटहिस्सा मोजणी लागते. तिला सगळ्या सहधारकांची संमती हवी. शहराच्या हद्दीत अशा जागेचे तुकडे पाडायचे तर नगरपालिका किंवा महानगरपालिकेची मंजुरी घ्यावी लागते. शेतजमीन असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा आणि त्यातल्या वेळोवेळच्या दुरुस्त्या तहसील कचेरीत विचारून घ्याव्यात. संमती मिळत नसेल तर शेतजमिनीसाठी तहसीलदाराकडे वाटपाचा अर्ज आणि इतर जागेसाठी दिवाणी कोर्ट हाच मार्ग उरतो. कोर्टाच्या हुकुमाने होणारी मोजणी पुन्हा वेगळी, आणि तिला लागणारा वेळही वेगळा. तेव्हा भाऊ एकमेकांशी बोलत आहेत तोवरच ही मोजणी करून घ्यावी. बहिणीचा हिस्सा नकाशात दाखवताना तिच्या तुकड्याला येण्या-जाण्याची वाट ठेवली आहे की नाही, तेही पाहावे. रस्ता नसलेला एक गुंठा देऊन हक्क दिला असे म्हणणे, याला माझ्या मते वाटणी म्हणता येणार नाही.

नवीन प्लॉट घेणाऱ्यांचा प्रश्न निराळा आहे. मंजूर लेआउटमध्ये बिनशेती मोजणी होते, कमी-जास्त पत्रक तयार होते आणि प्रत्येक प्लॉटचा वेगळा उतारा निघतो. प्लॉट विकणाऱ्याकडे रंगीत नकाशा आहे पण कमी-जास्त पत्रक नाही, तर तो नकाशा नुसता जाहिरातीचा कागद समजावा. मालेगाव, भिवंडीसारख्या गावांच्या कडेला गुंठेवारीचे व्यवहार पुष्कळ आहेत. त्यासाठी २००१ चा गुंठेवारी कायदा आहे आणि २०२१ मधल्या दुरुस्तीने ३१ डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी नियमित करण्याची वाट उघडली. पण नियमित झालेला प्लॉट आणि नियमित होऊ शकेल असा प्लॉट, यांचा भाव एक कसा असेल?

जुन्या शहरात सिटी सर्व्हे झालेला असतो. तिथे मिळकत पत्रिका मागावी, निव्वळ सातबारा दाखवणाऱ्याकडून काम भागत नाही.

रस्त्यात किंवा प्रकल्पात जागा जाते तेव्हा संयुक्त मोजणी होते. समृद्धी महामार्ग भिवंडी तालुक्यातल्या आमणे गावापर्यंत आला आहे, तेव्हा त्या भागातल्या लोकांना हा शब्द नवा नाही. या मोजणीच्या दिवशी कारखाना बंद ठेवावा लागला तरी चालेल, पण मालकाने हजर राहावे. शेड, बोअरवेल, झाडे, सगळे त्याच दिवशी पत्रकात लिहिले जाते आणि मोबदला त्यावरून निघतो.

कब्रस्तान आणि मशिदीच्या जागेबद्दलही हा घोटाळा होतो. वक्फ कायदा १९९५ च्या कलम ४ खालचे सर्वेक्षण हे कोणत्या मिळकती वक्फच्या आहेत, त्यांचे स्वरूप आणि उत्पन्न काय, याची नोंद घेण्यासाठी असते. २०२५ च्या दुरुस्तीने हे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे दिले आहे. त्याने भिंतीची रेषा ठरत नाही. कब्रस्तानला कंपाउंड घालायचे असेल तर विश्वस्तांनी आधी हद्द कायम मोजणी करून घ्यावी, म्हणजे भिंत अर्ध्यावर असताना काम थांबत नाही.

मापाचा एक बारकावा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावरचा आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १०७६ चौरस फूट. बोलण्यात दोन्ही एकच धरतात. वीस गुंठ्यांचा भाव ठरवून वीस आर घेतले तर सुमारे २५० चौरस फूट कमी मिळतात, त्यात दोन माग तरी बसतात. माप काय आहे हा प्रश्न जुनाच. आईन-ए-अकबरीत लिहिले आहे की तागाची दोरी ओली-सुकी झाल्याने कमी-जास्त भरे, म्हणून अकबराच्या काळी बांबूला लोखंडी कड्या लावून जरीब केली गेली. आता रोव्हर यंत्राने उपग्रहाच्या मदतीने मोजतात, तरी सौदा कोणत्या मापात झाला हे दस्तात स्पष्ट लिहावेच लागते.

खासगी सर्व्हेअर बोलवू नये असे नाही. जमिनीचा उंच-सखलपणा, पाणी कुठे वाहते, शेडचा पाया कुठे घ्यावा, यासाठी तोच उपयोगी. पण भूमी अभिलेख खात्याचा शिक्का नसलेला नकाशा शेजाऱ्यापुढे ठेवून उपयोग नाही.

खात्याची मोजणी मान्य नसेल तर भांडण न करता त्यावर वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागता येते, तिला निमताना मोजणी म्हणतात. त्यासाठी पहिल्या मोजणीच्या दिवशी आपली हरकत लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. जबाबावर सही मागितली तर आधी कोणाकडून तरी वाचून घ्यावी. मिळालेली "क" प्रत लॅमिनेट करू नये, खरेदीखताबरोबर ठेवावी, आणि तिची एक नक्कल घरातल्या बायकांना व मुलांना माहीत असेल अशा ठिकाणी असावी.