रॉ फाइलमध्ये रंग कुठे असतो?

मागच्या वेळी आपण तर्कसंग्रहातलं 'रूप' पाहिलं. जो गुण फक्त डोळ्यालाच कळतो, ते रूप. आज तोच प्रश्न कॅमेऱ्याला विचारू.

आमच्या आईची पैठणी घड्यांवर विरायला लागली आहे. आहे तोवर फोटो काढून ठेवावा म्हणून आम्ही ट्यूबलाइटखाली रॉ फाइल काढली, तिची जेपीईजी केली आणि बहिणीला पाठवली. तिचा लगेच फोन, "अरे दादा, हा आईचा जांभळा नव्हे!"

चूक आमचीच होती. रॉ फाइलमध्ये तयार रंग नसतो, प्रकाशाचे आकडे असतात. बहुतेक कॅमेऱ्यांत सेन्सरच्या प्रत्येक बिंदूवर लाल, हिरवी किंवा निळी, अशी एकच गाळणी असते. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बायर यांची, पेटंट १९७६चं. उरलेले दोन आकडे सॉफ्टवेअर शेजारच्या बिंदूंवरून काढतं. म्हणजे काय, तर हे प्रत्यक्ष नव्हे, अनुमान आहे. आणि अनुमानाला हेतू लागतो. धूर दिसल्याशिवाय अग्नी सिद्ध होत नाही.

इथला हेतू कोणता? वस्तूशेजारी, त्याच प्रकाशात ठेवलेलं करडं कार्ड. ते करडंच दिसलं पाहिजे, असं सॉफ्टवेअरला सांगायचं. याला व्हाइट बॅलन्स म्हणतात. आणखी काटेकोरपणा हवा तर २४ चौकोनांचा रंगतक्ता ठेवून त्यावरून कॅमेऱ्याचं प्रोफाइल बनवायचं. रंग भडक करणाऱ्या तयार शैली बंद ठेवायच्या.

आता साठवण. १४ बिटच्या रॉमध्ये दर बिंदूला १६,३८४ पायऱ्या असतात, जेपीईजीत दर रंगाला २५६. म्हणून जपायची प्रत १६ बिट टिफमध्ये ठेवायची. पाठवायची प्रत एसआरजीबीत रूपांतरित करून प्रोफाइल जोडायचं. आम्ही अ‍ॅडोबी आरजीबीतली प्रत प्रोफाइलशिवायच पाठवली होती. इंचातलं माप सेंटिमीटर समजून वाचावं, तसं झालं. आकडे तेच, पण रंग फिका.

मग आम्ही पैठणी गच्चीत, सावलीत, करड्या कार्डाशेजारी ठेवून पुन्हा फोटो काढला. बहीण म्हणाली, "आता ओळखू येतोय."

एवढं करा, मूळ रॉ फाइल कधी पुसू नका. अनुमान चुकलं तर त्याच आकड्यांवरून पुन्हा करता येतं. आमचं तसं झालं नसतं. ट्यूबलाइटखालच्या फोटोत कार्डच नव्हतं. पैठणी अजून हाताशी होती, म्हणून निभावलं.

चला, आता प्रश्न घेऊ.