अल्नर पॅराडॉक्स: बोटं जास्त वाकडी म्हणजे इजा जास्त?

अ‍ॅनाटॉमीच्या व्हायव्हात हमखास विचारला जाणारा प्रश्न: अल्नर नर्व्ह कोपराशी तुटली तर बोटं जास्त वाकडी होतात, की मनगटाशी तुटली तर?

अंदाजाने बहुतेक जण कोपर म्हणतात. नर्व्ह जितकी वर तुटेल तितके जास्त स्नायू निकामी, म्हणून व्यंगही जास्त, असा सरळ हिशोब. प्रत्यक्षात उलटं घडतं. यालाच अल्नर पॅराडॉक्स म्हणतात. तुम्हाला पुढे संशोधन करायचं असेल तर नुसतं नाव पाठ करून थांबू नका, त्यामागचं कारण समजून घ्या.

नर्व्हचा रस्ता

कोपर आतल्या बाजूला आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना? ती हीच नर्व्ह. दंडात ती एकाही स्नायूला फांदी देत नाही. कोपराखाली ती दोन स्नायूंना फांद्या देते: फ्लेक्सर कार्पाय अल्नारिस, आणि फ्लेक्सर डिजिटोरम प्रोफंडसचा (एफडीपी) आतला अर्धा भाग. हा भाग अनामिका आणि करंगळीची टोकं वाकवतो. पुढे मनगट ओलांडून ती तळहातात शिरते आणि ७ इंटरॉसिआय, आतले २ लंब्रिकल, अ‍ॅडक्टर पॉलिसिस आणि करंगळीच्या बुडाशी असलेले छोटे स्नायू सांभाळते.

बोटांची ओढाताण

इंटरॉसिआय आणि लंब्रिकल एकाच वेळी दोन कामं करतात: बोट मुळाशी वाकवतात आणि पुढचे सांधे सरळ ठेवतात. ते गेले की मुळाच्या सांध्याला मागे ओढणाऱ्या एक्स्टेन्सरला अडवणारं कोणी उरत नाही. पुढचे सांधे एफडीपी आत ओढतो. झाला पंजा! तर्जनी आणि मधल्या बोटाचे लंब्रिकल मीडियन नर्व्हकडे असतात, म्हणून ती दोन बोटं बरीचशी वाचतात.

आता बघा. मनगटाशी इजा झाली तर एफडीपी शाबूत असतो, म्हणून पंजा ठळक दिसतो. कोपराशी झाली तर एफडीपीचा तो अर्धा भागही लुळा पडतो. आत ओढणाराच नाही, मग बोटं वाकणार कशी? हात बघायला बरा दिसतो, पण नुकसान जास्त झालेलं असतं.

म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नका. करंगळीचं मधलं पेर धरून ठेवा आणि टोक वाकवायला सांगा. वाकत नसेल तर इजा वर असल्याची शंका घ्या. हाताच्या मागच्या बाजूला, करंगळीकडची संवेदनाही तपासा. तिथली फांदी मनगटाच्या आधीच निघते, त्यामुळे मनगटाच्या इजेत ती सहसा वाचते.

संशोधनात हे कुठे आडवं येतं?

समजा, कोपराशी तुटलेली नर्व्ह शिवली. तंतू दिवसाला साधारण १ मिमी वाढतात. एफडीपी जवळ आहे, तो काही महिन्यांत जागा होतो. तळहातातले स्नायू सुमारे ३० सेंमी लांब, म्हणजे जवळजवळ ३०० दिवस. मधल्या काळात ओढणारा आला, पण सावरणारे अजून आलेले नाहीत. बोटं आधीपेक्षा जास्त वाकडी दिसू लागतात. पेशंट घाबरतो, आणि खरं तर नर्व्ह बरी होत असते! हे त्याला आधीच सांगून ठेवलं पाहिजे.

आता तुमच्या प्रोटोकॉलमध्ये ‘सुधारणा’ म्हणजे बोटांच्या वाकडेपणाचा कोन असं लिहिलंय, अशी कल्पना करा. सहाव्या महिन्यात आकडे काढाल तर चांगली चाललेली रिकव्हरी बिघाड म्हणून नोंदली जाईल. मोजमाप अगदी अचूक असेल, निष्कर्ष मात्र चुकेल.

आपल्याकडे हा प्रश्न पुस्तकी नाही. कुष्ठरोगात अल्नर नर्व्ह फार वेळा सापडते, बहुधा कोपराच्या जरा वर. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी अशा हातांवर टेंडन ट्रान्सफरचं काम उभं केलं. त्यामागे हाच विचार होता: कोणती ओढ हरवली ते ओळखा आणि ती दुसऱ्या स्नायूकडून मिळवा.

तेव्हा आउटकम ठरवण्याआधी एक कागद घ्या. इजेपासून दिसणाऱ्या लक्षणापर्यंतची साखळी काढा आणि प्रत्येक कडीला विचारा: आजार सुधारला की हा आकडा नेहमी एकाच दिशेने सरकतो का? उत्तर ‘नाही’ आलं तर प्रत्येक स्नायूची ताकद आणि संवेदना वेगवेगळी मोजा. मग गाइडकडे जा.