प्लेट कधीची? पेशी वाढवण्यासाठीचं प्रथिनांचं कोटिंग टिकवायचं कसं

जुलैमध्ये रे रोड स्टेशनच्या आसपासच्या लाकडाच्या वखारींजवळून कधी गेलात तर बघा, चांगला माल ताडपत्रीखाली झाकलेला असतो. लाकूड हवेतली ओल पितं, फुगतं, वाकतं. हे तिथल्या कुणालाही शिकवावं लागत नाही. मी मात्र रोज हार्बर लाइनने त्याच बाजूने जात असूनही माझ्या कल्चर प्लेट साध्या पिशवीत गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवल्या होत्या, आणि ही चूक मला दोन महिन्यांना पडली.

झालं असं. एक औषध पेशींची चिकटण्याची क्षमता कमी करतं का, हे मी बघत होतो. जूनमध्ये फायब्रोनेक्टिनने एकदम बऱ्याच प्लेट कोट केल्या, वाळवल्या आणि ठेवून दिल्या. पहिल्या आठवड्यात कंट्रोल आणि कमी डोस, पुढच्या आठवड्यांत वाढते डोस. आलेख सुंदर आला: डोस वाढतो तशा पेशी कमी चिकटतात. मॅडमनी आलेख बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "प्लेट कधीची?"

मग औषध न घालता जुनी प्लेट आणि ताजी प्लेट शेजारी शेजारी ठेवून बघितल्या. जुन्या प्लेटवर पेशी तशाही कमीच चिकटत होत्या. आलेखात दिसत होतं ते औषध नव्हतं, प्लेटचं वय होतं.

कोटिंग लागतंच कशाला?

शरीरात पेशी मोकळ्या हवेत लोंबकळत नसतात. त्यांच्याभोवती कोलॅजन, फायब्रोनेक्टिन, लॅमिनिन अशा प्रथिनांचं जाळं असतं. पेशीच्या पृष्ठभागावरचे इंटेग्रिन नावाचे रेणू त्या जाळ्याला धरतात. फायब्रोनेक्टिनमध्ये ते धरतात तो मुख्य तुकडा फक्त तीन अमिनो आम्लांचा आहे: आर्जिनिन, ग्लायसिन, अॅस्पार्टेट. 1984 मध्ये पियर्शबाखर आणि रुओस्लाहटी यांनी हे दाखवलं. म्हणजे एवढ्या मोठ्या रेणूत पेशीला हवी असलेली मूठ अगदी लहान आहे. रेणू प्लेटवर आहे, पण ही मूठ आत दुमडली गेली, तर पेशीच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच.

कोलॅजनचं बळ त्याच्या तिपेडी गोफात आहे. ही रचना मद्रासला जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी 1954-55 मध्ये मांडली. गोफ उष्णतेने सुटला की उरतं ते जिलेटिन. वजन तेवढंच, रसायन जवळपास तेच, पण पेशी त्याला वेगळ्या तऱ्हेने ओळखतात.

थर किती पातळ असतो?

कोलॅजनचं नेहमीचं प्रमाण दर चौरस सेंटिमीटरला 5 ते 10 मायक्रोग्रॅम. 96 वेलच्या प्लेटमध्ये एका वेलचा तळ सुमारे 0.32 चौरस सेंटिमीटर. 5 ने गुणा: एका वेलमध्ये 1.6 मायक्रोग्रॅम. यातलंही सगळं तळाला चिकटतं असं नाही, बरंच धुण्यात निघून जातं. बाटलीतल्या द्रावणात थोडं प्रथिन खराब झालं तर बाकीचं शिल्लक असतं. इथे शिल्लक म्हणून काही नाहीच, सगळा माल हवेच्या तोंडाशी पसरलेला.

बिघडतं कसं?

पहिलं कारण वाळण्याचं. प्रथिनाचा आकार पाण्याच्या रेणूंशी असलेल्या हायड्रोजन बंधांनी सांभाळलेला असतो. पाणी उडालं की ते बंध तुटतात आणि प्रथिन स्वतःशी किंवा शेजाऱ्याशी चिकटतं. शिवाय बफर वाळताना क्षार दाट होत जातात आणि शेवटी त्यांचे स्फटिक उरतात. पीबीएसमध्येच वाळवलेली प्लेट मायक्रोस्कोपखाली बघा, नक्षी दिसेल.

दुसरं, वाळल्यानंतरची ओल. नीट वाळलेल्या थरात रेणू जवळजवळ गोठलेले असतात. त्यात हवेतली ओल शिरली की त्यांना हलायला जागा मिळते, आणि आकार बिघडणं, ऑक्सिडेशन, गुठळ्या होणं हे सगळं पुन्हा सुरू होतं. मुंबईत पावसाळ्यात हवेतली आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर सहज असते. त्यामुळे प्लेट एकदा वाळवली म्हणजे काम झालं, असं इथे धरता येत नाही.

साखरेची काच

यावरचा उपाय औषधनिर्मितीत जुना आहे. सर्पदंशावरचं प्रतिविष हेही प्रथिनच, घोड्याच्या रक्तातून मिळवलेल्या प्रतिपिंडांचं. ते द्रवरूपात असेल तर सतत थंड ठेवावं लागतं. पूड केलेलं प्रतिविष फ्रिजचा भरवसा नसलेल्या गावच्या आरोग्य केंद्रातही जास्त काळ टिकतं. रे रोडहून फार लांब नसलेल्या परळच्या हाफकिनचं नाव अशाच प्रतिविषाशी जोडलेलं आहे. तत्त्व तेच: पाणी काढा आणि परत येऊ देऊ नका.

कोटिंगसाठी यात एक पायरी वाढते. वाळवण्याआधी ट्रेहॅलोज किंवा सुक्रोज घालतात. साखरेचे रेणू पाण्याच्या जागी बसून प्रथिनाशी हायड्रोजन बंध करतात, आणि वाळताना स्फटिक न होता काचेसारखा थर बनवतात. त्या काचेत प्रथिन जागच्या जागी अडकून राहतं. कोरड्या ट्रेहॅलोजची काच मऊ व्हायला सुमारे 115 अंश सेल्सिअस लागतात, सुक्रोजची 60 ते 70 अंशांना मऊ होते. ओल शिरली की हा आकडा झपाट्याने खाली येतो. म्हणून दमट शहरात ट्रेहॅलोजच्या बाजूने पारडं झुकतं. साखर घातली तरी ताडपत्री लागतेच, हे मात्र विसरू नका.

मग स्वस्तातलं ग्लुकोज का नाही? कारण ग्लुकोज प्रथिनातल्या लायसिनशी प्रक्रिया करतं. पाव भाजताना तो तपकिरी होतो, तीच मेलार्ड प्रक्रिया, इथे मंद गतीने. ट्रेहॅलोज आणि सुक्रोज ही भानगड करत नाहीत.

टिकलं का, हे ओळखायचं कसं?

खरी गोम इथे आहे. प्रथिन किती उरलं हे मोजून भागत नाही, ते काम करतं का हे मोजायला हवं. ठरावीक संख्येने पेशी टाका, तासाभराने हलक्या हाताने धुवा, उरलेल्यांना क्रिस्टल व्हायोलेटने रंगवा आणि रंग मोजा. सोबत दोन वेल हवेतच: एक त्याच दिवशी कोट केलेला, दुसरा कोटिंग न करता फक्त बीएसएने झाकलेला.

ही चाचणी सीरमशिवाय करा. सीरममध्ये फायब्रोनेक्टिन आणि व्हिट्रोनेक्टिन आधीच असतं, ते प्लेटवर बसतं आणि मेलेल्या कोटिंगची इज्जत वाचवतं. तुमचा प्रयोग नेहमी सीरममध्ये चालत असेल तर कोटिंग बिघडल्याचं कदाचित कधी कळणारही नाही, आणि सीरम काढलंत त्या दिवशी एकदम सगळं कोसळेल.

घाई असेल तर 37 किंवा 40 अंशांना ठेवून म्हातारपण लवकर आणता येतं. पण कोलॅजनचा गोफ त्याच सुमाराला सुटायला लागतो आणि ओलसर साखरेची काचही मऊ होऊ शकते. तिथून मागे 4 अंशांचा अंदाज बांधणं धोक्याचं. प्रत्यक्ष साठवणीच्या तापमानाला ठेवलेल्या प्लेटना पर्याय नाही.

आता मी काय करतो

शेवटचं धुणं आणि वाळवणं बफरऐवजी ट्रेहॅलोजच्या द्रावणात. प्लेट वाळल्यावर सिलिका जेलसोबत फॉइलच्या पाकिटात, सील करून. फ्रिजमधून काढल्यावर पाकीट लगेच फोडायचं नाही. प्लेट खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर थंड बाटलीसारखा तिला घाम फुटतो आणि सगळी मेहनत पाण्यात. पेशी टाकण्याआधी साखर नीट धुऊन काढायची, नाहीतर माध्यमाची ऑस्मोलॅरिटी बदलते. मॅट्रिजेल असेल तर हे काहीच करायचं नाही. ते वाळवायचं नसतं, ओलंच 4 अंशांना ठेवून लवकर वापरायचं.

आणि प्रत्येक झाकणावर कोटिंगची तारीख आणि प्रथिनाचा लॉट नंबर. नोंदवहीतही तेच, प्रत्येक प्रयोगापुढे. कंट्रोल आणि औषध एकाच दिवशी, एकाच वयाच्या प्लेटवर. माझे दोन महिने गेले ते साखर नव्हती म्हणून नाही. साखर नसती तरी एवढं केलं असतं तर गेले नसते.