दुसऱ्या खुर्चीचा सौदा

अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार आपला उपराष्ट्राध्यक्ष स्वतः निवडतो. मतपत्रिकेवर दोघांची नावे जोडीने येतात. ही निवड करताना वर्ण पाहू नये, फक्त लायकी पाहावी, असे तिकडचे शहाणेही सांगतात. आम्ही विचारतो, वर्ण-धर्म-प्रांत कधी पाहिला नाही?

1960 साली उत्तरेकडच्या कॅथॉलिक केनेडींनी टेक्सासचे जॉन्सन घेतले, ते दक्षिणेतल्या मतांसाठी. 2008 साली ओबामांनी वयाने मोठे, गोरे बायडेन घेतले. 2016 साली कडव्या ख्रिस्ती मतदारांची खात्री पटावी म्हणून ट्रम्प यांनी माईक पेन्स घेतले. याला म्हणतात 'समतोल'! 2020 साली बायडेन यांनी कमला हॅरिस यांना घेतले, तेव्हा मात्र ते 'अस्मितेचे राजकारण' झाले. बाई कॅलिफोर्नियाच्या ॲटर्नी जनरल होत्या, सिनेटर होत्या. तरी 2024 मध्ये काही रिपब्लिकन खासदारांनी त्यांना कोट्यातून आलेली म्हणून हिणवले. हा टोमणा आमच्या वाचक बंधू-भगिनींना समजावून सांगायला नको. (आपल्याकडच्या वर्तमानपत्रांना बाईंच्या आजोळचे तामिळनाडूतले गाव फार आवडले. त्या शिकल्या ते हॉवर्ड हे काळ्यांसाठी उभे राहिलेले विद्यापीठ, हे किती जणांनी छापले?)

पण ही जागा कोणी दयेने दिली नव्हती. 2020 च्या फेब्रुवारीत बायडेन पक्षांतर्गत लढतीत आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. महिनाअखेरीस पाळी होती साउथ कॅरोलिनाची. तिथे डेमोक्रॅटिक पक्षाच्या मतदारांत निम्म्याहून अधिक काळे. त्यांचे जुने पुढारी जेम्स क्लायबर्न यांनी बायडेन यांना गाठून सांगितले, सर्वोच्च न्यायालयावर काळी स्त्री नेमीन असे जाहीर करा. बायडेन यांनी त्याच रात्री वादसभेत तसे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी क्लायबर्न यांचा पाठिंबा, आणि 29 फेब्रुवारीला दणदणीत विजय. मेमध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाच्या गुडघ्याखाली जीव गेला, तेव्हा उपराष्ट्राध्यक्षपदासाठीही काळ्या स्त्रीची मागणी आणखी जोर धरू लागली. स्पर्धेतल्या गोऱ्या सिनेटर एमी क्लोबुशार जूनमध्ये स्वतःच बाजूला झाल्या.

हॅरिसबाईंनी सिनेटमध्ये समसमान मते पडल्यावर 33 वेळा निर्णायक मत दिले. इतकी मते त्यांच्याआधी कोणत्याही उपराष्ट्राध्यक्षाने दिली नव्हती. तरी ती खुर्ची वरच्याच्या मर्जीची आणि चार वर्षांची. 2024 ची निवडणूक त्या हरल्या, जानेवारी 2025 मध्ये पायउतार झाल्या. क्लायबर्न यांनी मत देण्याआधी वदवून घेतलेली जागा मात्र तहहयात आहे. तिच्यावर 2022 साली केतांजी ब्राउन जॅक्सन बसल्या.