व्हेलिब
व्हेलिब ही फ्रान्सची राजधानी पॅरिस येथील सार्वजनिक सायकल भाडे योजना आहे. महापौर बर्त्रां दलानोए यांच्या कार्यकाळात १५ जुलै २००७ रोजी ती सुरू झाली. ‘व्हेलो’ (सायकल) आणि ‘लिबेर्ते’ (स्वातंत्र्य) या फ्रेंच शब्दांपासून हे नाव बनले आहे. २०१८ पासून ही सेवा ‘व्हेलिब मेत्रोपोल’ या नावाने चालते व पॅरिसलगतच्या नगरांतही उपलब्ध आहे.

वापर
एका स्थानकावरून घेतलेली सायकल दुसऱ्या कोणत्याही स्थानकावर परत करता येते. हिरव्या सायकली साध्या, तर निळ्या विद्युत असतात. सायकल स्टँडमध्ये नीट न अडकल्यास ती परत केल्याची नोंद होत नाही व भाडे आकारणी चालू राहते. मूळ दरपद्धतीत सदस्यांना प्रत्येक फेरीची पहिली ३० मिनिटे निःशुल्क होती. त्यामुळे सायकल अडवून न ठेवता लवकर परत करण्यास उत्तेजन मिळाले. नादुरुस्त सायकलीचे आसन उलट दिशेला फिरवून ठेवण्याचा संकेत वापरकर्त्यांमध्ये रूढ आहे.

असमान वितरण
योजनेची उपयुक्तता सायकलींच्या संख्येइतकीच त्यांच्या वितरणावर अवलंबून असते. मोंमार्त्रसारख्या टेकडीवरून अनेक जण सायकलीने उतरतात, परंतु परतताना चढ टाळतात. परिणामी वरची स्थानके रिकामी होतात आणि खालची भरतात. रिकाम्या स्थानकावर सायकल मिळत नाही. भरलेल्या स्थानकावर ती परत करता येत नाही. म्हणून सायकली मोटारगाड्यांतून स्थानकांदरम्यान हलवल्या जातात. तसेच पहिल्या टप्प्यात उंचावरील ठरावीक स्थानकांवर सायकल परत करणाऱ्यास १५ मिनिटांचा जादा निःशुल्क वेळ दिला जात असे.