घर पाहायला आलेल्या ठेकेदाराचे पैसे कोणी द्यायचे?

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दवनीवाड्याला मावसबहिणीकडे गेलो होतो. गोंदिया तालुक्यातले हे गाव, सगळा धानाचा मुलुख. दुपारी सपरीत बसून चहा घेत होतो, तोच एक मोटारसायकल अंगणात येऊन थांबली. गाडीवरचा माणूस खाली उतरलाही नाही. "बाई, माझा हिशोब पाहून घ्या," एवढे बोलून त्याने एक कागद ताईच्या हातात दिला आणि गाडी वळवून निघून गेला.

कागदावर लिहिले होते : जागा पाहण्याच्या तीन फेऱ्या, दर फेरीचे ५०० रुपये. इस्टिमेट बनविण्याचे २००० रुपये. एकूण ३५०० रुपये. ताईने या ठेकेदाराला बयाना म्हणून ५००० रुपये दिले होते. काम मात्र नंतर गावातल्याच मिस्त्रीला दिले. म्हणजे हिशोबाप्रमाणे तिला परत मिळणार होते फक्त १५०० रुपये.

"मी तं त्याले घर बांधाले बोलावलं होतं," ताई म्हणाली, "पाहाचे पैसे लागतात हे कुठं सांगितलं होतं त्यानं?" भाऊजी काही बोलले नाहीत. ते खाली मान घालून बिडी शोधत राहिले. त्यांच्या या गप्प बसण्याचे कारण आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले, ते पुढे येईलच.

ताईचे जुने घर मातीच्या भिंतींचे, वर कवेलू. आदल्या पावसाळ्यात मागची भिंत बसली. घरकुल मंजूर झाले होते, आणि मुलगा नागपूरला कंपनीत कामाला आहे, तो म्हणाला, आई, दोन पैसे मी टाकतो, सोबत आणखी एक खोली काढून घेऊ. म्हणून या ठेकेदाराला बोलावणे गेले. तो आला, सोबतच्या पोराने टेप धरला, चहा झाला. मग पुन्हा एकदा आला, पुन्हा एकदा. तिसऱ्या खेपेला आकडा सांगितला तेव्हा ताईच्या पोटात गोळा आला. आकडा परवडणारा नव्हता, म्हणून काम दुसऱ्याला दिले.

असली भांडणे आपल्या वस्त्यांमधून घरोघर ऐकू येतात. रक्कम लहान असते, म्हणून कोणी त्यावर लिहीत नाही आणि कोणी वकिलाकडेही जात नाही. पण धान रोवायला जाणाऱ्या बाईला ५०० रुपये तिच्या एका दिवसाच्या मजुरीपेक्षा जास्त असतात. तीन फेऱ्यांचे १५०० म्हणजे तिचा किती दिवसांचा चिखल झाला, ते ज्याचे त्याने मोजावे.

कायदा काय म्हणतो? हा कायदा जुना आहे, १८७२ सालचा भारतीय करार कायदा. एकाने प्रस्ताव मांडला, दुसऱ्याने तो मान्य केला, तेव्हा करार होतो. ठेकेदाराने "इतका खर्च येईल" असे सांगणे हा प्रस्ताव झाला. तो घरवाल्याने स्वीकारला नाही तर घर बांधण्याचा करारच झाला नाही. जागा पाहण्याची फी ही वेगळी बोली आहे. येण्याआधी सांगितली असेल आणि आपण "या" म्हटले असेल, तर ती देणे लागते. सांगितलीच नसेल, तर काम हातचे गेल्यावर मागाहून ती कागदावर चढविता येत नाही. जर्मनी देशात तर हे दिवाणी कायद्यातच लिहून ठेवले आहे. तिथल्या संहितेच्या कलम ६३२ प्रमाणे, वेगळे ठरले नसेल तर खर्चाच्या अंदाजपत्रकाचे पैसे द्यावे लागत नाहीत. आपल्याकडे असे सरळ वाक्य कायद्यात नाही, म्हणून बोली आधी झाली होती की नाही, यावरच सगळे येऊन ठेपते. आणि बोली तर नेहमी तोंडीच असते!

पण वाचकहो, आमचे म्हणणे एकतर्फी नाही. आपल्या समाजातही किती तरी लोक मिस्त्रीकाम करतात, सेंट्रिंग बांधतात, लहानसहान ठेके घेतात. त्यांच्या बाजूने पाहा. दिवाळीनंतर धान घरात आले की घरांची कामे निघतात, ती पावसाळा तोंडावर येईपर्यंत. या सहा-सात महिन्यांत जे मिळेल त्यावर वर्ष काढायचे असते. अशा दिवसांत कोणी दहा कोस लांब बोलावतो, पेट्रोल जाते, त्या दिवसाची मजुरी बुडते, आणि घरवाला तीन मिस्त्र्यांकडून आकडे काढून चौथ्याला काम देतो. एका तरुण मिस्त्रीने आम्हाला सांगितले, "चहा पिऊन पिऊन पोट भरते, पण घरी चूल चहावर पेटत नाही." त्याने जागा पाहण्याचे २०० रुपये लावले आणि ते फोनवरच सांगितले, काम मिळाल्यास मजुरीतून वळते करीन असेही सांगितले, तर त्यात वाईट काय? आम्हाला तर हीच रीत सरळ वाटते.

आता भाऊजींची गोष्ट. दुसऱ्या दिवशी आम्ही नव्या घराची आखणी पाहायला गेलो. चुना टाकून झाला होता, कॉलमचे खड्डे मारणे चालू होते. गावच्या मिस्त्रीच्या हातात एक घडी पडलेला कागद होता. त्यावर खोल्यांची मापे, कॉलमच्या जागा, दारे-खिडक्या, सारे रेघा मारून नीट काढलेले. आम्ही विचारले, नकाशा कोणी काढला? मिस्त्री भाऊजींकडे पाहू लागला. नकाशा त्या मोटारसायकलवाल्या ठेकेदाराचा होता. पाहायला म्हणून ठेवून घेतलेला, तोच दुसऱ्याच्या हाती दिलेला.

इथे ताईची बाजू थोडी लंगडी पडली. त्याच १८७२ च्या कायद्यात कलम ७० आहे. एखाद्याने फुकट करण्याचा हेतू नसताना आपल्यासाठी कायदेशीरपणे काही काम केले आणि आपण त्याचा लाभ उचलला, तर त्याचा मोबदला द्यावा लागतो, असा त्याचा अर्थ. नुसता आकडा ऐकून "नको" म्हटले तर लाभ कसला? पण त्याच्या नकाशावर आपले घर उभे राहत असेल, तर तो पैसे मागू शकतो. भाऊजींना आम्ही हे स्पष्टच सांगितले. ताईने त्यांच्याकडे असे पाहिले की आम्हाला वेगळे काही बोलण्याची गरज उरली नाही.

दुसरी एक बाब त्या कागदांवरूनच निघाली. ठेकेदाराच्या आकड्यात घरकुलाची खोलीही धरलेली होती. प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) २०१६ पासून आली. तिच्यात घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असावे लागते. अनुदानाची रक्कम तेव्हा सपाट भागासाठी १,२०,००० आणि डोंगराळ व नक्षलग्रस्त भागासाठी १,३०,००० रुपये ठरली होती. अनुसूचित जाती व नवबौद्धांसाठी राज्याची रमाई आवास योजना आहे. या घरकुलांचे पैसे हप्त्याहप्त्याने थेट लाभार्थ्याच्या बँक खात्यात येतात. आणि प्रधानमंत्री योजनेचा नियम असा की घर लाभार्थ्याने स्वतः उभे करायचे, त्यात ठेकेदार घालायचा नाही. मिस्त्री, मजूर आपण लावायचे, सामान आपण आणायचे. हे ताईला कोणी सांगितलेच नव्हते.

घरकुलाची पाहणी करायला पंचायत समितीकडून अभियंता येतो, फोटो काढतो, त्यावर पुढचा हप्ता अवलंबून असतो. ही त्याची नोकरी आहे, पगार सरकार देते. खासगी ठेकेदाराची फेरी आणि या साहेबांची फेरी यांत आपल्या लोकांचा फार गोंधळ होतो. ठेकेदाराने फेरीचे पैसे मागितले तर तो सौद्याचा प्रश्न आहे, द्यावे की न द्यावे यावर बोलता येते. सरकारी माणसाने पाहणीचे, फोटोचे, हप्ता सोडण्याचे पैसे मागितले तर ती लाच आहे, मग ती पेट्रोलच्या नावाने मागितलेली का असेना. तिथे घासाघीस करायची नसते. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावा.

भगिनींना एक सांगणे आहे. माप घेणे ही काही विद्या नव्हे. शाळेत जाणाऱ्या मुलाला सोबत घ्या आणि ठेकेदार यायच्या आधी आपणच टेप लावा. नऊ इंची भिंतीच्या १०० चौरस फुटांना साधारण १००० विटा लागतात. दहा फूट उंचीची दहा फूट भिंत म्हणजे हा हिशोब झाला. दारे-खिडक्यांची जागा त्यातून वजा करा. रेती-गिट्टीचा एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि भरलेली उंची फुटात मोजून गुणाकार केला की आलेल्या मालाचे खरे माप कळते. इतके ज्या घरात येते, तिथे आकडा सांगणारा जरा जपून सांगतो. ताईची नववीतली नात दुपारभरात हे शिकली आणि संध्याकाळपर्यंत शेजारच्यांच्या भिंती मोजत फिरली.

आणि बयाना देताना चिठ्ठी घ्या. साध्या वहीच्या पानावर चालते. कोणाला, किती, कोणत्या तारखेला, कशासाठी दिले आणि काम झाले नाही तर किती परत यायचे, एवढे लिहिले आणि खाली दोघांच्या सह्या झाल्या की पुरे. फेरीचे पैसे लागणार असतील तर तेही त्यातच लिहा. ५००० रुपयांहून जास्त रकमेची पावती असेल तर एक रुपयाचे रेव्हेन्यू तिकीट लावून त्यावर सही घ्यावी. आजकाल फोनवरचे संदेशही पुराव्याला येतात, ते पुसून टाकू नका.

भांडण मिटलेच नाही तर? पुष्कळजण पोलीस ठाण्यात धावतात. पण पैशांची वसुली हे पोलिसांचे काम नव्हे. सुरुवातीपासूनच फसविण्याच्या हेतूने बयाना घेतला असेल तर गोष्ट वेगळी. 'रेरा' कायदा ऐकून काहीजण तिकडे बोट दाखवितात, पण तो ५०० चौरस मीटरहून मोठ्या जमिनीच्या किंवा आठाहून जास्त सदनिकांच्या प्रकल्पांसाठी आहे, आपल्या दोन खोल्यांसाठी नाही. आपल्यासाठी आहे तो ग्राहक आयोग. १९८६ च्या ग्राहक कायद्यात १९९३ मध्ये दुरुस्ती होऊन घरबांधणी ही सेवा धरली गेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने लखनऊ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात घरबांधणीची सेवा ग्राहक कायद्यात येते हे पक्के केले. आता २०१९ चा नवा कायदा लागू आहे. त्याने ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे दवनीवाड्याच्या माणसाने गोंदियाला जायचे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीची फी नाही. मुदत दोन वर्षांची. १९१५ या क्रमांकावर फोन करूनही सल्ला मिळतो. एक लक्षात असू द्या, रोजंदारीवर आपल्याच हाताखाली राबणाऱ्या मिस्त्रीविरुद्ध ही वाट नाही. काम ठेक्याने घेतले असेल तरच ती खुली आहे.

वकील परवडत नाही ही सबबही पुढे येते. १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे अनुसूचित जातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, मिळकत किती हे न पाहता, मोफत वकील मिळतो. बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींच्या यादीच्या आदेशात १९९० च्या दुरुस्तीने झालेला आहे. ज्यांच्या दाखल्यांवरून अजून गोंधळ चालतो त्यांनी हे साल सांगावे. ताईला तर स्त्री म्हणूनच हा हक्क आहे. क्रमांक १५१००.

ताईच्या प्रकरणात एवढे लांब जावे लागले नाही. आम्ही त्या ठेकेदाराला फोन लावला आणि सपरीत बोलावले. या वेळी तो गाडीवरून खाली उतरला. फेऱ्यांचे पैसे आधी सांगितले होते का, असे विचारले तेव्हा तो म्हणाला, "सगळेच घेतात." सगळे घेतात हे उत्तर नव्हते, आणि ते त्यालाही समजत होते. मग भाऊजींनी स्वतःच नकाशाचे कबूल केले. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "त्या नकाशासाठी दोन रात्री बसलो होतो मी." हे आम्हाला खरे वाटले. शेवटी असे ठरले की फेऱ्यांचे काही नाही, नकाशाचे १००० त्याने ठेवायचे आणि ४००० परत करायचे. खिशात होते ते ३००० त्याने तिथेच मोजून दिले. उरलेल्या हजाराची चिठ्ठी नववीतल्या नातीने लिहिली, त्याने सही केली.

कॉलम आता उभे आहेत. हजार रुपये अजून यायचे आहेत, चिठ्ठी ताईच्या तांदळाच्या डब्यात आहे.